प्रश्न मुलीचा, पत्र वडिलांचं

पत्राचा सारांश असा : मुलगी राज्यशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीला ८४ टक्के होते. वडिलांना तिने राज्यसेवा द्यावी असं वाटतं. तिला नगरपालिका आणि शहरांची धोरणं यांवर संशोधन करायचंय, पुढे प्राध्यापक व्हायचंय. ‘नगरपालिकेचीच आवड असेल तर मुख्याधिकारी हो म्हणावं. सुट्टीत पालिकेची जुनी अंदाजपत्रकं घेऊन बसते. दोन वर्षांत लग्नाचंही बघायचं आहे. तिची समजूत कशी घालावी?’

समजूत कशी घालावी, एवढंच तुम्ही विचारलंत. म्हणजे ती चुकतेय हे आधीच ठरलेलं आहे. पानभर पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत उरकलंय आणि क्लासची फी, शेजारच्या मुलाची निवड, नातेवाईकांची मतं यांना मात्र ऐसपैस जागा मिळालीय. राज्यसेवेच्या अभ्यासाची कित्येक वर्षं घरच्यांच्या हट्टापायी गेलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना प्रशासनात काय आवडतं हे सांगता येत नाही. तुमच्या मुलीला ते सांगता येतंय, आणि तुम्ही तीच तक्रार म्हणून लिहून पाठवलीत!

पालिकेच्या अंदाजपत्रकात एकेका लेखाशीर्षापुढे मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. पाणीपट्टी कागदावर किती धरली होती आणि तिजोरीत किती आली, हे चार-पाच वर्षांचे रकाने शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. काम कंटाळवाणं आहे. कोणी न सांगता सुट्टीत ते करणारी मुलगी संशोधनाला लागलेलीच आहे, फक्त तिला अजून पदवी मिळालेली नाही.

आता तुमचा गैरसमज. पालिकेची आवड म्हणजे मुख्याधिकारीपद, असं नाही. मुख्याधिकारी, म्हणजे नगरपालिकेच्या प्रशासनाचा प्रमुख, राज्य सरकारचा असतो. आज या गावात, काही वर्षांनी दुसऱ्या. सरकार नियम करतं, तो राबवणं त्याचं काम. नगराध्यक्षांचंच घ्या. महाराष्ट्रात २०१६ मध्ये तो थेट जनतेतून निवडायचं ठरलं, महाविकास आघाडीच्या काळात पुन्हा नगरसेवकांमधून, आणि २०२२ मध्ये परत थेट. मुख्याधिकारी प्रत्येक वेळी नव्या नियमाने कारभार चालवतो, त्याने तसंच करायला हवं. संशोधक विचारतो की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, अशा गावात ठराव किती अडले, कुठली कामं रखडली? मोठ्या शहरात गेलात तर प्रश्न आणखी टोकदार होतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने १२ व्या अनुसूचीत १८ विषय नागरी संस्थांसाठी मांडले, पण महापालिकेत कार्यकारी अधिकार आजही महापौरांकडे नाहीत, राज्याने नेमलेल्या आयुक्तांकडे आहेत. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्यासारख्या महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात नगरसेवक नसल्याने कुणाचं काय अडलं, कुणाचं काही अडलं नाही, हे नीट तपासून लिहायला माणसं हवीत. आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, विषयपत्रिका, ठराव हे सगळं मराठीत असतं. दिल्लीच्या हुशार संशोधकाला तिथे दुभाषा लागेल, हिला लागणार नाही.

राज्यसेवा आणि प्राध्यापकीसाठीच्या नेट, सेट या परीक्षांची माहिती कुठल्याही क्लासच्या पत्रकावर मिळेल, इथे त्यात जागा घालवत नाही.

मुलीने वाचावं असंही थोडं आहे, कारण हा रस्ता सोपा नाही. कायम प्राध्यापकभरती वर्षानुवर्षं रेंगाळते आणि नेट झालेली, पीएचडी झालेली माणसं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तासाच्या मानधनात दिवस काढतात. हे माहीत असूनच यात यावं. दुसरं, एमए कशात करायचं हे नावावर भाळून ठरवू नये. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शहरी धोरणाचा वेगळा अभ्यासक्रम मिळतो आणि धोरणसंस्थांत त्याला किंमत आहे. पण महाविद्यालयाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील’ पदव्युत्तर पदवी मागतात, आणि छाननीला बसलेल्या मंडळींना शहरी धोरण कुठल्या खात्यात टाकायचं हे कळेलच असं नाही. प्राध्यापकी हाच हेतू असेल तर राज्यशास्त्र, लोकप्रशासन, अर्थशास्त्र किंवा भूगोल यांपैकी एकात एमए करावं आणि शहर हा प्रबंधाचा विषय घ्यावा. माझा कल अर्थशास्त्राकडे आहे, पण बीएला गणित-सांख्यिकी टाळली असेल तर आधी वर्षभर तीच करावी. अंदाजपत्रकं वाचणाऱ्याला आकडेवारी हाताळता आली नाही तर पुढे सगळं लिखाण मतांवर येऊन थांबतं.

खर्चाची काळजी रास्त आहे. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. नाही मिळाली तर काय, याचा हिशोब एमएला प्रवेश घेण्याआधीच घरात मोकळेपणाने मांडा.

राहता राहिली तुमची दोन वर्षांची अट. एमएलाच दोन वर्षं लागतात, त्यापुढे पीएचडीचा किमान काळ तीन वर्षांचा, प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच लागतो. राज्यसेवेतही दोन वर्षांत पद मिळेल याची हमी कोणी देत नाही, तरी त्या रस्त्याला तुम्ही ही अट लावलेली दिसत नाही. ती फक्त तिच्या निवडीला लावलीय. शिक्षण थांबवून लग्नच करायचं असं मनात असेल तर तसं तिला सरळ सांगा, म्हणजे तिला काय उत्तर द्यायचं ते ती ठरवेल. क्लासच्या आडून हे सांगू नका.