एजन्सीच्या करारातली कोणती अट सोडायची आणि कोणती धरून ठेवायची

प्रश्न : मी दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या एका गावात राहते. बी.एस्सी. ॲग्री केलं आहे. पाच वर्षांपासून दिल्लीच्या एका एजन्सीसाठी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. कीटकनाशकांची माहितीपत्रकं, खतांच्या पिशव्यांवरचा मजकूर, शेतीच्या ॲपमधल्या सूचना असं काम असतं. पगार नाही, शब्दामागे पैसे मिळतात. आजवर सगळं मेलवर चालायचं. आता त्यांनी अकरा पानांचा इंग्रजी करार पाठवलाय. त्यात असं आहे : एजन्सीला ग्राहकाकडून पैसे आले की त्यानंतर ९० दिवसांनी मला मिळणार. भाषांतरामुळे कोणाचंही काहीही नुकसान झालं तर मी भरून द्यायचं. काम सोडल्यावर दोन वर्षं त्यांच्या कुठल्याही ग्राहकाचं काम करायचं नाही, केलं तर पाच लाख दंड. उशीर झाला तर तासाला पाच टक्के कपात, लाइट किंवा नेट गेल्याचं कारण चालणार नाही. पावसाळ्यात इथे रेंज गेली की मी लॅपटॉप पिशवीत गुंडाळून वरच्या उघड्या सड्यावर जाऊन फाइल पाठवते. वाद झाला तर दिल्लीत लवाद, आणि लवाद नेमणार तेच. महिनाअखेरपर्यंत सही केली नाही तर काम बंद. माझं ६८ हजारांचं जुनं बिलही 'करार झाल्यावर बघू' म्हणतात. निम्मं घर या पैशांवर चालतं. दोन वर्षांच्या बंदीच्या अटीनं तर झोप उडाली आहे. काय करू?

उत्तर : ताई, ज्या अटीनं तुमची झोप उडाली आहे, ती या करारातली सगळ्यात कच्ची अट आहे. आणि जी तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, ती नुकसान भरून देण्याची, तिच्यात तुमचं घर जाऊ शकतं. म्हणून आधी हे वेगळं करू : कायदा कुठे तुमच्या मदतीला आपणहून येतो आणि कुठे येत नाही. एजन्सीशी बोलताना तुमच्याकडे ताकद मोजकीच आहे. ती जिथे कायदा तुम्हाला वाचवणार नाही तिथेच खर्च करायची.

बंदीची अट आधी संपवते. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं की कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. करार चालू असताना 'आमचंच काम करा' ही अट काही वेळा टिकते, पण करार संपल्यानंतरची बंदी आपली न्यायालयं मान्य करत नाहीत. क्रिकेटपटू झहीर खानची जाहिरातींची कामं पाहणाऱ्या कंपनीनं, करार संपल्यावरही नव्या प्रस्तावाबद्दल पहिला हक्क आमचाच, असा आग्रह धरला होता. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मानला नाही. पाच लाखांचा दंडही आपोआप वसूल होत नाही. कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट देतं ती वाजवी भरपाईच. तेव्हा या अटीवर भांडत बसू नका. फार तर एवढं सुचवा : ज्या ग्राहकांचं काम मी प्रत्यक्ष केलं त्यांच्याकडे सहा महिने मी आपणहून काम मागायला जाणार नाही. हे न्याय्यही आहे. एजन्सीनं मिळवलेला ग्राहक तिच्याच फाइलवरून फोडू नये, ही अपेक्षा चुकीची नाही. ग्राहकांची माहिती गुप्त ठेवण्याची अट मात्र पाळावीच लागते, ती वैध आहे. आणि करार चालू असताना दुसऱ्या कोणाचं काम करायचं नाही असं एखादं वाक्य अकरा पानांत दडलंय का, ते शोधा. असेल तर ते काढायला लावा. पगार देत नाहीत तर तुमचा सगळा वेळ त्यांचा नाही.

आता नुकसानभरपाई. एरवी कोणी करार मोडला तर कलम ७३ प्रमाणे त्यातून सरळ उद्भवलेलं नुकसान द्यावं लागतं, दूरचं आणि आडमार्गाचं नाही. पण 'तुम्हाला तोशीस लागू देणार नाही' असं वचन लिहून दिलं की आपण कलम १२४ खाली येतो. त्यात वचन देणाऱ्याच्याच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही वागण्यामुळे झालेलं नुकसान भरून देण्याचं वचन देता येतं. म्हणजे शब्द जितके मोकळे, तितका बोजा मोठा.

तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी औषधाचं माहितीपत्रक आहे. तुम्ही बरोबर लिहिलंत, '१० लिटर पाण्यात ५ मिली'. एजन्सीत तपासणाऱ्यानं ओळ जागेत बसवताना '१० लिटर' चं '१ लिटर' केलं. दहापट औषध पडलं, एखाद्या बागायतदाराचा मोहोर करपला. त्यानं कंपनीला धरलं, कंपनीनं एजन्सीला. एजन्सी तुमचा करार काढणार : 'भाषांतरामुळे कोणाचंही काहीही नुकसान', वर वकिलाचा खर्च. तुमच्या फाइलमध्ये चूक नव्हती हे सिद्ध करण्याची धडपड तुम्हालाच करावी लागेल, आणि त्या कामाचे तुम्हाला मिळाले होते दोन-अडीच हजार रुपये. शेतीच्या औषधांवर भाषांतर करणाऱ्या माणसानं ही अट आहे तशी कधीही मान्य करू नये. इथे मी तडजोड सुचवत नाही. कायदा इथे तुम्हाला हात देईलच असं नाही. अन्याय्य अटींबद्दल सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटरच्या निकालात दुर्बळ बाजूच्या हिताचं बरंच लिहिलंय, पण ते नोकरीतल्या माणसाबद्दल होतं. व्यावसायिक करारात त्याचा आधार मिळेल या भरवशावर सही करू नका.

या अटीच्या जागी चार गोष्टी मागा. मी दिलेल्या फाइलमधल्या, माझ्या चुकीपुरतीच माझी जबाबदारी. नंतर कोणी फेरफार केला तर ती संपली. चूक दिल्यापासून १५ दिवसांत लेखी दाखवायची आणि मला एकदा विनामोबदला दुरुस्त करू द्यायची. आणि काहीही झालं तरी माझी जबाबदारी त्या कामाच्या मोबदल्याच्या रकमेपलीकडे जाणार नाही. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती मिळाली आणि बाकीच्या तीन गेल्या, तरी रात्री झोप लागेल. एजन्सी 'मोबदल्याइतकी' वर अडली तर मागच्या सहा महिन्यांत मिळालेल्या एकूण मोबदल्याइतकी म्हणा. आकडा हवाच. आणि आजपासून पाठवलेली प्रत्येक मूळ फाइल, ज्या मेलला जोडून गेली त्या मेलसकट, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

पैशांची अट. 'ग्राहकाकडून आले की मग ९० दिवस' यात ग्राहकानं पैसे दिलेच नाहीत तर तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. इथे कायदा तुमच्या बाजूनं चांगला भक्कम आहे, पण एक काम तुम्हाला करावं लागेल आणि ते सहीच्या आधी. उद्यम नोंदणी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ फक्त कारखान्यांसाठी आहे असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. सेवा देणाराही त्यात येतो. घरात बसून भाषांतर करणारी एकटी बाई हा त्या कायद्यानं सूक्ष्म उद्योग आहे. नोंदणी सरकारी उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, एक पैसा लागत नाही. सरकारी वाटाव्यात अशा खासगी वेबसाइट त्यासाठी फी घेतात, त्यांच्या नादाला लागू नका. अडचण आली तर रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारता येतं.

नोंदणी झाली की याच कायद्याचं कलम १५ लागतं : करारात काहीही लिहिलेलं असलं तरी पैसे ४५ दिवसांच्या आत. काम दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरात असा बदल केला की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. एजन्सीच्या व्यवस्थापकाला कलमं कळणार नाहीत, तिच्या सीएला ही गोष्ट लगेच कळेल. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. नोंदणीच्या आधी दिलेल्या कामाला हा लाभ धरू नका. म्हणूनच मी 'सहीच्या आधी' म्हणते आहे.

दिल्लीच्या लवादाचं ओझंही याच कायद्यानं बरंच हलकं होतं. कलम १८ प्रमाणे थकलेल्या पैशांसाठी पुरवठादार जिथे आहे तिथल्या सुविधा परिषदेकडे जाता येतं, खरेदीदार भारतात कुठेही असो. करारात वेगळा लवाद लिहिलेला असला तरी हा कायदा वरचढ ठरतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अर्ज ऑनलाइन होतो. पण हे थकलेल्या पैशांपुरतं. एजन्सीनं तुमच्यावर दावा केला तर तिची अट पुढे येईल. वादात ज्याचं हित आहे त्यानंच एकट्यानं लवाद नेमायचा, याला सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्येच नकार दिलाय. म्हणून एवढं मागा : लवाद दोघांच्या संमतीनं आणि सुनावणी ऑनलाइन. हे सहसा देतात.

उशिराच्या कपातीबद्दल तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात रेंज गेली की लॅपटॉप पिशवीत गुंडाळून सड्यावर जाऊन फाइल पाठवता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं जमिनीवर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात किती दिवस अंधार होता हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. दिल्लीत बसून मसुदा लिहिणाऱ्याच्या हे डोळ्यासमोरच नसतं, म्हणून त्यांना सांगायला हवं. लिहा : नैसर्गिक आपत्ती, दीर्घकाळ वीज किंवा इंटरनेट बंद असणं या काळात शक्य तितक्या लवकर फोन किंवा एसएमएसनं कळवीन, तेवढी मुदत वाढेल, कपात होणार नाही. एरवीच्या उशिरासाठी कपात मान्य, पण त्या कामाच्या दहा टक्क्यांवर नाही. तासाला पाच टक्के म्हणजे वीस तासांत कामाचा पूर्ण मोबदला गेला.

बाकीचं थोडक्यात. भाषांतरावर पहिला हक्क तुमचा असतो, कारण तुम्ही नोकर नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तो लेखी लिहून दिल्याशिवाय जात नाही. तो द्यायला हरकत नाही, फक्त 'पूर्ण पैसे मिळाल्यावर' हे शब्द घाला. आणि एजन्सी नुसत्या मेलनं अटी बदलू शकेल असं कुठे असेल, तर ३० दिवसांची आगाऊ सूचना आणि आधी घेतलेल्या कामाला जुन्याच अटी, एवढं मागा.

एक धोका लगेच टाळायचा आहे. 'यापुढे काम स्वीकारलंत तर करार मान्य आहे असं समजू' अशा अर्थाचा मेल आला असेल आणि तुम्ही गप्प राहून पुढचं काम घेतलंत, तर कृतीनं होकार दिला असं म्हणता येतं. करार कायद्याचं कलम ८ तेच सांगतं. सही केली नाही म्हणून आपण मोकळ्या, असं समजू नका. म्हणून पुढचं काम घेण्याआधी हा मेल तुमच्या इंग्रजीत पाठवा :

'मसुदा वाचला. तुमच्यासोबत काम चालू ठेवायची माझी इच्छा आहे. जबाबदारी, पैशांची मुदत आणि उशीर या तीन अटींत बदल सुचवत आहे, बदललेला मजकूर जोडला आहे. करार होईपर्यंत येणारी कामं मी आजवरच्या अटींवरच घेत आहे. आधीच्या कामाची बिलं या करारापासून वेगळी आहेत, ती ठरल्याप्रमाणे द्यावीत.'

शेवटचं वाक्य ६८ हजारांसाठी आहे. झालेल्या कामाचे पैसे नव्या सहीसाठी अडवून ठेवायचा त्यांना काहीही अधिकार नाही. त्या बिलासाठी साधा मार्ग आहे : मेल, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा, आणि त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. 'बिल देणं आहे, करार झाल्यावर देऊ' असा त्यांचा मेल किंवा व्हॉट्सॲप असेल तर तो जपा, ती देण्याची कबुली आहे. फोन विकू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली तो पुरावा म्हणून दाखल करता येतो.

फोन आला तर बोला, चिडू नका, पण फोनवर हो म्हणू नका. 'मेल करा, बघून सांगते' एवढंच. मेलमध्ये तीनच मागण्या ठेवल्या आहेत त्या मुद्दामच, बाकीच्या या तीन मिटल्यावर मांडा. अकरा पानांत वीस दुरुस्त्या केल्यात तर तिकडचा माणूस वाचणारच नाही. त्यांनी पैशांची अट बदलली नाही तर उद्यम कायदा तुमच्या मागे आहे, सही करता येईल. उशिराच्या अटीवर थोडं इकडे-तिकडे चालेल. पण जबाबदारीला आकड्याची मर्यादा घालायला ते तयारच नसतील, तर सही करू नका. पाच वर्षं शेतीच्या औषधांचं अचूक मराठी लिहिणारी, विषय शिकलेली व्यक्ती त्यांना पाच दिवसांत मिळणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तोवर दुसऱ्या दोन-तीन एजन्सींना नमुने पाठवून ठेवा, त्याला आज कसलीही बंदी नाही.

उद्यम क्रमांक आला आणि त्यांचं उत्तर आलं की अकराही पानं मला पाठवा. व्याख्यांचं पान वगळू नका. 'नुकसान' या शब्दात त्यांनी काय काय धरलंय, ते तिथेच लिहिलेलं असतं.