शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग पायाला मुंग्या का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, माझी आई ६२ वर्षांची आहे, दहा-अकरा वर्षं झाली शुगरसाठी मेटफॉर्मिन घेते, सकाळी १००० आणि रात्री १०००. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.८ आहे. पण वर्षभर तळपायाला मुंग्या येतात, रात्री आग होते, आणि चालताना चप्पल निसटली तरी तिला कळत नाही. आम्ही शाकाहारी, शिवाय तिला अ‍ॅसिडिटीची गोळी रोज लागते. आता व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलंय की मेटफॉर्मिननेच नसा खराब होतात, तेव्हापासून गोळी बंद करायची म्हणून हटून बसलीये. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे आईंना आधी सांगा. ६.८ आलंय त्यात त्या गोळीचा मोठा हात आहे आणि ती सोडून शुगर वर गेली तर नसांचे हाल अजूनच होणार. पण मेसेज अर्धा खरा आहे आणि असे अर्धे खरे मेसेजच जास्त डोकेदुखी करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेटफॉर्मिनमुळे अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व शरीरात कमी शोषलं जातं, आणि नसांवरचं आवरण टिकायला बी-१२ लागतंच. ते शोषलं जातं लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात आणि त्या कामाला कॅल्शियम लागतं, तिथेच मेटफॉर्मिन आडवं येतं असं मानतात. हे काही नवीन नाहीये, बेलफास्टच्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय, पण ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये हा साइड इफेक्ट 'कॉमन' आहे असं जाहीर केलं तेव्हा कुठे जरा चर्चा झाली. डोस मोठा आणि वर्षं जास्त असली की शक्यता वाढते, आणि लिव्हरमध्ये काही वर्षं पुरेल एवढा साठा असल्यामुळे सुरुवातीला काही जाणवतच नाही.

त्यात अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी. पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटंच होत नाही, मग शोषणार काय? ती गोळी खरंच रोज लागते का हेही डॉक्टरांना विचारा, आपल्याकडे महिन्यासाठी दिलेली गोळी लोक वर्षानुवर्षं घेत बसतात. आणि शाकाहार. बी-१२ फक्त प्राणिजन्य पदार्थांत असतं, म्हणजे तुमच्यासाठी दूध, दही, ताक, पनीर. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, पेलाभर दुधातून साधारण एक मिळतं, चहातलं चमचाभर दूध यात धरू नका. स्पिरुलिनावर पण भरवसा ठेवू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला वापरताच येत नाही. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष तपासले होते, त्यात सुमारे दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं आणि सगळ्यात जास्त कमतरता खात्यापित्या मध्यमवर्गात होती!

आता गंमत अशी की शुगरने झालेली न्यूरोपॅथी (म्हणजे नसांचं नुकसान) आणि बी-१२ कमी पडून झालेली, दोन्हीत मुंग्या, आग, बधिरपणा सगळं सारखंच, त्यामुळे पेशंट मधुमेही असला की सगळे शुगरवर ढकलून मोकळे होतात. शुगरने खराब झालेल्या नसा सहसा पूर्ववत होत नाहीत, पण बी-१२ ची कमतरता लवकर पकडली तर सुधारणा होते, उशीर झाला तर मात्र मज्जारज्जूलाही इजा होते आणि ती कायमची राहू शकते. आईंना विचारा, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? जात असेल तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, याच आठवड्यात दाखवा.

महत्त्वाचं म्हणजे बी-१२ च्या टेस्टसाठी रक्त आधी द्या आणि बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन नंतर घ्या. बरेच जण मेडिकलमधून 'नसांची गोळी' आणून महिनाभर खातात आणि मग टेस्ट करतात, साहजिकच रिपोर्ट छान येतो. सोबत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा, पण हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, अ‍ॅनिमिया नसतानाही नसांचं नुकसान होतं, आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड चालू असेल तर अ‍ॅनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. कमतरता निघाली तर नसांचा त्रास आहे म्हणून डॉक्टर बहुतेक इंजेक्शननेच सुरुवात करतील, पुढे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीवरही भागतं, कारण एवढ्या मोठ्या डोसमधलं थोडंसं त्या नेहमीच्या वाटेशिवायही आत शिरतं. मेटफॉर्मिन सहसा चालूच राहतं. तोवर घरातही अनवाणी फिरू देऊ नका आणि रोज रात्री तळपाय बघा.

प्रश्न: माझं बी-१२ २४० आलंय, लॅबने नॉर्मल लिहिलंय, पण बोटं बधिर होतात. मला तर शुगरची गोळी आहे, मेटफॉर्मिन नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर: स्ट्रिप परत एकदा बघा. ग्लिमेपिराइड, विल्डाग्लिप्टिन वगैरे शुगरच्या औषधांच्या कितीतरी कॉम्बिनेशन गोळ्यांत मेटफॉर्मिन असतंच, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि २०० ते ३०० म्हणजे काठावर, लक्षणं असताना याला नॉर्मल म्हणून सोडायचं नाही. डॉक्टरांना होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडच्या टेस्टबद्दल विचारा (बी-१२ कमी पडलं की ही दोन्ही रक्तात वाढतात), दुसरी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, शिवाय किडनी कमजोर असेल तर दोन्ही तशाही वाढलेल्या दिसतात. बोटं हाताची असतील तर मनगटात दबलेली नस किंवा मान हेही बघावं लागेल. आणि आधीपासून एखादी 'न्यूरो' गोळी चालू असेल तर त्यात बी-६ किती आहे ते वाचा, ते जास्त प्रमाणात खूप महिने घेतलं तर त्यानेच नसा बधिर होतात.