‘आर्मी मेन: सार्जेस हीरोज’ खेळायच्या आधी पहिला ‘आर्मी मेन’ खेळावाच लागतो का?

नाही, डायरेक्ट सार्जेस हीरोजच सुरू करा, काही अडत नाही. दोन्ही खेळलोय म्हणून सांगतो, १९९८ चा पहिला गेम पीसीवर वरून दिसणारा होता आणि १९९९ चा सार्जेस हीरोज थर्ड पर्सन शूटर (आपलं पात्र मागून दिसतं असा गोळीबाराचा गेम) आहे, म्हणजे खेळायची पद्धतच वेगळी, आणि स्टोरी पण इथं पहिल्यापासून समजते: खेळण्यातले प्लास्टिकचे हिरवे सैनिक विरुद्ध टॅन (फिकट तपकिरी) सैनिक, टॅनवाल्यांच्या जनरल प्लॅस्ट्रोने सार्जची (हिरव्यांचा हीरो, म्हणजे तुम्ही) माणसं पकडलीत, ती सोडवून आणायची, बस. मधेमधे पोर्टलमधून (दुसऱ्या जगात नेणारं दार) खऱ्या माणसांच्या घरात शिरता, तिथं बाथरूम म्हणजे अख्खं रणांगण वाटतं, खरी मजा तिथंच आहे (आणि फ्लेमथ्रोअरने प्लास्टिक वितळवण्यात). फक्त एक, सार्जेस हीरोज २ मात्र याच्या नंतरच घ्या, तीच पात्रं पुढे येतात. आणि कॅमेरा त्या काळातला आहे, भिंतीजवळ गेलात की काहीच्या काही अँगल घेतो, नेम धरताना वैताग येतो, आजच्या शूटर्सची सवय असेल तर पहिले दोन-तीन मिशन जरा दम धरा.