सांत्वनाला जाताना

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. वाशीला राहणाऱ्या त्याच्या मित्राचे वडील गेले. मी बाहेरगावी असल्याने त्याला एकट्यालाच भेटायला जावं लागेल. त्याला काय सांगू?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी मित्राच्या घरच्या कुणाला तरी फोन करून वेळ विचारायला सांगा. दुपारी एक ते चार टाळावं, रात्रभर जागलेली माणसं तेव्हा जरा पडलेली असतात. ट्रान्स हार्बरच्या गाडीतून उतरल्यावरच मोबाइल सायलेंट करावा. बेल एकदाच. कपडे साधे, हात रिकामे. मिठाई तर नाहीच.

आधी मित्राच्या आईला नमस्कार करून मग मित्राशेजारी बसावं. बोलणं सुचत नाही म्हणून मुलं ‘कसं झालं?’ विचारतात आणि त्या बाईंना तीच हकीकत विसाव्यांदा सांगावी लागते. त्यापेक्षा ‘काकांनी आम्हाला सायकल शिकवली होती’ अशी एखादी खरी आठवण सांगावी. तीही नसेल तर गप्प बसलेलं चालतं. ‘काही लागलं तर सांगा’ यावर कुणी काही मागत नाही. ‘कॉलेजच्या नोट्स मी काढून ठेवतो’ हे उपयोगी.

चहाची अपेक्षा धरू नये. काही घरांत सुतकात पाहुण्यांना देत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं पुरे. निघताना तोंडातून सवयीने ‘येतो’ जातं, ते इथे म्हणत नाहीत. मित्राच्या खांद्यावर हात ठेवून उठावं. दिवसकार्य झाल्यावर मात्र पुन्हा जायला सांगा, तेव्हा घर रिकामं झालेलं असतं.