सही न केलेला करार

प्रश्न: मी सहकारनगरात राहतो. मिळकतकर आणि प्राप्तिकर वेळेवर भरतो, कायदा मोडत नाही. तरीही समाजाचे काही देणे उरते का? अभियांत्रिकी शिकणारा माझा मुलगा विचारतो, ‘समाजाशी हा करार मी केला कधी? सही कुठे आहे?’ शिवाय पदपथ चालण्याजोगे नसतील, तर कर्तव्ये आम्हीच का पाळायची?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आपल्या चिरंजीवांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. शासनाची सत्ता लोकांच्या संमतीतून येते, हा विचार युरोपातले तत्त्वज्ञ हॉब्ज यांनी १६५१ मध्ये आणि रूसो यांनी १७६२ मध्ये आपापल्या परीने मांडला. पण मधल्या काळात, १७४८ साली, स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी नेमकी हीच हरकत घेतली होती. झोपेत ज्याला जहाजावर चढवले, तो समुद्रात उडी मारत नाही एवढ्यावरून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असे म्हणायचे का, असा त्यांचा सवाल होता. मला तो पटतो. म्हणून सही शोधण्यापेक्षा आपल्यापर्यंत काय पोहोचले आणि ते कोणाच्या हातून पोहोचले, हे पाहावे.

आमच्या सोसायटीत सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या तळहाताला गेल्या पावसाळ्यात काच लागली. ओल्या कचऱ्याच्या बादलीत, मेथीच्या काड्यांखाली, कोणीतरी फुटलेला पेला टाकला होता. त्यांनी नळावर हात धुतला, चिंधी बांधली आणि त्या वरच्या मजल्यावर गेल्या. पेला कोणाच्या घरातला, हे कळले नाही. पण आमच्या इमारतीत कर थकवणारे कोणीही नाही. करातून महापालिकेची यंत्रणा चालते, परंतु त्या बादलीत हात घालणाऱ्या बाईंची काळजी आपल्या ओट्यापाशीच घ्यावी लागते. कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी विनंतीही पुण्यातल्या कचरावेचकांनी केलेली आहे. ठिपका नसेल, तर आत काय आहे हे कळण्यासाठी कोणाला तरी ती पुडी उघडावी लागते.

तरीही कर्तव्याची भाषा सर्वांना एकाच मापाने लावता येत नाही, आणि मला हे अधिक महत्त्वाचे वाटते. पेशवाईत कात्रजच्या तलावातून आणलेले पाणी पुण्यातल्या हौदांत पडत असे, पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता. ज्याला गावाने पाणी नाकारले, त्याला गावाविषयीच्या कर्तव्याची आठवण कोणत्या तोंडाने करून द्यायची? जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तेव्हा तसे करण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने त्यांच्यावर केलेली नव्हती. समाजाने मोडलेला शब्द एका घराने आपल्यापुरता पाळला. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि ते कलम सरकारइतकेच तुम्हा-आम्हालाही बांधून घेते. मूलभूत कर्तव्ये मात्र घटनेत १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली. हक्क आधी आणि कर्तव्ये नंतर, हा क्रम मला न्याय्य वाटतो. ज्याला घर, शाळा आणि नळाचे पाणी आधी मिळाले, त्याचे देणेही आधी सुरू होते. त्या हिशेबात आपण आणि मी दोघेही येतो.

आता पदपथांविषयी. आपली तक्रार रास्त आहे. पण महापालिकेने आपले काम केले नाही, याचा भुर्दंड कचरा उचलणाऱ्या मावशींनी किंवा पदपथावर दुचाकी घातल्यामुळे रस्त्यावर उतरावे लागणाऱ्या आजोबांनी का सोसावा? ज्याने शब्द मोडला, त्यालाच जाब विचारला पाहिजे. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या कामाची कागदपत्रे मागावीत. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवणारे अर्ज मागवण्याची पद्धत सुरू केली आहे. पुढच्या वेळी आपल्या पदपथाचा अर्ज चिरंजीवांनाच भरू द्या. त्यावर सहीसाठी जागा असतेच.