आईनं जन्मभर ऊस तोडला, तिला मळेवाल्याची बाग दाखवू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी धारूर तालुक्यातली, शाळेत शिकवते. लेकाला नोकरी लागली अन् दिवाळीच्या सुट्टीत तो आम्हाला मॉरिशसला नेतोय, सोबत माझी आई पण येतेय, ७० वर्षांची. आई-दादांनी वीसेक वर्षं ऊसतोड केली, सांगली-कोल्हापूरकडं, माझं बालपण कोपीतच, पाचटाच्या झोपडीतच गेलं म्हणा ना. आता टूरवाल्यानं कार्यक्रम पाठवलाय त्यात पाम्प्लमूसची जुनी बाग आहे आणि लाबुर्दोने म्हणून साखरमळ्याच्या मालकाचा बंगला आणि बाग आहे. लेक म्हणतो फोटो भारी येतात. मला मात्र झोप लागंना. जिनं दुसऱ्याच्या उसात कोयता चालवला तिला मळेवाल्याच्या बागेत फिरवायचं का? हे टाळू का? आणि आईला झाडांचं लई वेड आहे, तिकडून एखादं रोप आणता येईल का?

उत्तर : बाई, टाळू नका. उलट त्या बागेत जायचा हक्क तुमच्या आईइतका दुसऱ्या कोणाचा असेल असं मला वाटत नाही. फक्त टूरवाल्यानं लावलेला क्रम बदलून घ्या, बाग नंतर, आधी राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे आपल्याकडून नेलेले मजूर जहाजातून उतरवायचे ती जागा. गुलामगिरी तिथं १८३५ मध्ये बंद झाली, तोपर्यंत मादागास्कर-मोझांबिककडून धरून आणलेल्या माणसांकडून ऊस करून घेतला जायचा. आणि ब्रिटिश सरकारनं भरपाई कोणाला दिली तर मालकांना, सगळ्या साम्राज्यात मिळून २ कोटी पौंड, गुलामांना छदाम नाही. आणि गुलामगिरी जाणार हे दिसताच ऊस तोडायला माणसं आणली आपल्याकडून. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिले ३६ जण अ‍ॅटलस जहाजातून उतरले, तिथं त्या दिवशी अजून सरकारी सुट्टी असते. पुढं साडेचार लाखाच्या वर माणसं गेली, बिहारकडची जास्त, पण मुंबई बंदरातून आपली कोकणातली पण गेली, म्हणून तर तिथं गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते.

हे आईला सांगताना पुस्तकी शब्द वापरूच नका, तिच्या कामातलेच शब्द पुरतात. करार ५ वर्षांचा, पगार महिना ५ रुपये आणि शिधा. गावातून माणसं गोळा करून नेणारा आणि फडात उभं राहून काम करून घेणारा जो असायचा त्याला तिथं सरदार म्हणत, आपला मुकादमच तो. आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायचे, डबल कट म्हणायचे त्याला, १९०९ पर्यंत चालू होतं ते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खाडाच आठवला. आपल्याकडं नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात आणि त्यातलं एक आजारी पडलं तरी मुकादम खाडा लावतो, हे तुमच्या आईला कोणी समजावून सांगायची गरजच नाही, ती ऐकल्या ऐकल्या ओळखेल.

घाटावरच्या दगडी पायऱ्यांवर घाई करू नका. तिला बसू द्या, बोलायचं असेल तर बोलू द्या.

मग गाडी पाम्प्लमूसकडं निघाली की रस्त्याच्या कडेचे फड बघायला सांगा. तिथला दगड पण आपल्या बालाघाटासारखा काळा, ज्वालामुखीचा, आणि उसाच्या मधोमध दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, रान साफ करताना मजुरांनी हातानं वेचून रचलेले. माझ्या मनात त्या सगळ्या प्रवासातलं तेच चित्र जास्त राहिलंय, बंगल्याचं नाही. त्यांचा हंगाम जून ते डिसेंबर असतो, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तोड चालू असेल.

पाम्प्लमूसची बाग मात्र खरंच मनापासून बघा, तिथं मन मारून फिरू नका. बेट ब्रिटिशांच्या आधी फ्रेंचांकडं होतं तेव्हा, १७३० च्या दशकात, फ्रेंच गव्हर्नरनं जहाजांना भाजीपाला मिळावा म्हणून सुरू केलेला हा मळा, पुढं पिएर प्वाव्र नावाच्या तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यानं डच लोकांच्या ताब्यातल्या बेटांवरून जायफळ आणि लवंगेची रोपं चोरून आणवली. हौदातली अ‍ॅमेझॉनची कमळं बघून आई हरखून जाईल, उभ्या काठाच्या परातीसारखी पानं, माणूस आडवा झोपेल एवढी, फूल पहिल्या रात्री पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. नोव्हेंबरात तिकडं उन्हाळा लागतो त्यामुळं ती चांगली दिसतात. तालिपोट ताड आयुष्यात एकदाच फुलतो, पन्नास-साठ वर्षांनी वगैरे, आणि मग वाळून जातो. उसाच्या जुन्या चरकाची प्रतिकृती पण आहे, तिथं तिचा फोटो नक्की काढा. जमीन सपाट आहे, गुडघे दुखत असतील तरी सावकाश होतं, सकाळी लवकर जा आणि डासांचं मलम ठेवा.

जवळच बो प्लाँचा बंद पडलेला साखर कारखाना आहे, त्याचं म्युझियम केलंय. लाबुर्दोनेच्या बंगल्यापेक्षा मी तिथं दोन तास जास्त देईन. गुलामांचं आणि मजुरांचं तिथं नीट सांगितलंय आणि शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. बंगला १८५९ चा आहे, देखणा आहे, मागं आंब्याची जुनी बाग आहे, बघा. पण लेकाला फोटो काढायच्या आधी एवढं सांगा, की हे ज्यांनी तोडलेल्या उसावर उभं राहिलं ती आजीसारखीच माणसं होती. त्याला कोपी माहीत नाही, चूक त्याची नाही, आपण सांगत नाही. ह्या निमित्तानं आजीच सांगेल.

रोपाचं म्हणाल तर आणू नका. रोप, बी, माती, परवाना आणि तिकडच्या सरकारचं झाडाला रोग नसल्याचं सर्टिफिकेट असल्याशिवाय चालत नाही, विमानतळावर काढून घेतात आणि ते बरोबरच आहे, परदेशी कीड आपल्या रानात कशाला. आईसाठी म्युझियमच्या दुकानातून साखरेची पाकिटं घ्या, गडद, काकवीच्या वासाची असते ती घ्या. आणि जायफळाचं रोप हवंच असेल तर कोकणातल्या नर्सरीत मिळतं, मात्र धारूरच्या उन्हात ते जगवायला सावली आणि पाणी दोन्ही लागेल, परसात जुनं आंब्याचं झाड असेल तर त्याच्या खाली लावून बघा.