वाचकांचे प्रश्न : दिवस राहण्याआधीचं वजन

प्रश्न : माझ्या सुनेला पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी वजनावरून बरंच ऐकवलं. ती घरी येऊन रडली. आमच्या वेळी नऊ महिन्यांत वजन किती वाढलं एवढंच बघत. आता दिवस राहण्याआधीचं वजनही विचारतात. पूर्वीपेक्षा बायकांची वजनं खरंच वाढली आहेत, की फक्त मोजणी वाढली आहे?

उत्तर : दोन्ही वाढलं आहे, पण मोजणी वाढली म्हणून वजन वाढल्यासारखं दिसतं, असं मात्र नाही.

अमेरिकेचं उदाहरण देते, कारण तिथे ही नोंद जन्मदाखल्यातच होते. २००३ साली सुधारलेल्या दाखल्यात आईची उंची आणि गरोदरपणाआधीचं वजन हे रकाने आले आणि २०१६ पर्यंत सगळी राज्यं तो दाखला वापरू लागली. २०१६ मध्ये बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी २६.१ टक्के आधीपासून स्थूल होत्या. २०१९ मध्ये हे प्रमाण २९ टक्के झालं. अवघ्या तीन वर्षांतली ही वाढ आहे. त्याआधीचा एक वेगळा अभ्यास तिथल्या नऊ राज्यांचा आहे. त्यात हेच प्रमाण १९९३-९४ मध्ये १३ टक्के होतं आणि २००२-०३ मध्ये २२ टक्के. दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे हे आकडे एका रेषेत जोडू नयेत, पण दिशा एकच आहे. शिवाय यातली बरीच वजनं बाईने स्वतः सांगितलेली असतात आणि सांगताना आपण सगळ्याच एक-दोन किलो कमी सांगतो. खरं प्रमाण याहून जास्तच असणार.

जगाचं चित्रही असंच आहे. प्रौढ स्त्रियांमध्ये स्थूलतेचं प्रमाण १९९० मध्ये ८.८ टक्के होतं, २०२२ मध्ये ते १८.५ टक्के झालं.

हल्ली मुलं उशिरा होतात आणि वयाबरोबर वजन वाढतं, हे कारण सगळे सांगतात. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. अमेरिकेतली ही वाढ सगळ्याच वयोगटांत दिसली, विशीतल्या मुलींमध्येसुद्धा. तीस वर्षांत जगभरच्या बायकांचा निर्धार एकदम संपला, असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. बसून करायची कामं वाढली, झोप कमी झाली, कारखान्यात तयार झालेलं गोड-तेलकट खाणं सगळ्यात स्वस्त आणि हाताशी आलं. त्यात एका बाळंतपणातलं वजन पूर्ण उतरायच्या आत दुसरं येतं. आईच्या गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर मुलीलाही पुढे वजनाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. तुमच्या सुनेने यातलं काय निवडलं होतं?

आधीचं वजन विचारतात ते सुरुवात कुठून झाली हे कळावं म्हणून. वार जी संप्रेरकं तयार करते, त्यांनी प्रत्येकच गरोदर बाईच्या शरीरात इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. चरबीमुळे तो आधीच कमी झालेला असेल तर स्वादुपिंडाला तो भार पेलत नाही आणि साखर चढते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा गरोदरपणातल्या मधुमेहाची शक्यता जास्त वजनाच्या स्त्रियांत साधारण दुप्पट आणि स्थूल स्त्रियांत साडेतीन पटींच्या आसपास निघाली. रक्तदाब, सिझेरियन, रक्ताच्या गुठळ्या, बाळाच्या मणक्यातले दोष, क्वचित पोटातच बाळ जाणं, या सगळ्यांचं प्रमाण वजनाबरोबर वाढतं. तरीही स्थूल असलेल्या बहुतेक स्त्रियांचं बाळ सुखरूप जन्मतं, हे वाक्य त्या डॉक्टरांनी आधी सांगायला हवं होतं. मी पहिल्या भेटीत वजन दोनदा लिहिते, आजचं आणि पाळी चुकण्याआधीचं. ते लिहिताना आवाज चढवायची गरज मला कधी पडली नाही.

सुनेला आता वजन उतरवायला लावू नका, गरोदरपण ही त्याची वेळ नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये सांगितलेली मर्यादा आजही वापरतात : आधीचं वजन योग्य असेल तर पूर्ण गरोदरपणात साडेअकरा ते सोळा किलो वाढ, जास्त असेल तर सात ते साडेअकरा, स्थूल असेल तर पाच ते नऊ. साखरेची तपासणी लवकर करून घ्या आणि पुढच्या भेटीला तिच्यासोबत जा.

प्रश्न : वय ३२, उंची १५८ सेंटिमीटर. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा वजन ६३ किलो होतं, आता ७४ आहे. तेव्हा साखर वाढली होती, पण बाळंतपणानंतर पुन्हा तपासली नाही. मुलगा अडीच वर्षांचा आहे. दुसऱ्याचा विचार करतोय. सगळे म्हणतात, मूल झाल्यावर वजन वाढतंच. खरंच काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो. ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण ज्या वळणावर काही करता येतं, नेमक्या तिथे तुम्ही उभ्या आहात.

किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून स्थूल धरतात. तुमचा पहिल्या वेळी सव्वापंचवीस होता, आता साडेएकोणतीसच्या थोडा वर आहे. म्हणजे दोन बाळंतपणांच्या मध्ये चार अंकांहून जास्त वाढ. स्वीडनमध्ये १९९२ ते २००१ या काळात पहिली दोन मुलं झालेल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांचा बीएमआय मधल्या काळात तीन किंवा अधिक अंकांनी वाढला, त्यांच्यात दुसऱ्या वेळी मधुमेहाची शक्यता, वजन स्थिर राहिलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, दुपटीच्या आसपास होती. सिझेरियन आणि रक्तदाबाचे विकारही जास्त होते, आणि मृत बाळ जन्मण्याचं प्रमाणही. ज्यांचं वजन मुळात योग्य होतं, त्यांच्यातही वाढीचा परिणाम दिसला. ‘वाढतंच’ म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. आशियाई वंशाच्या लोकांत बीएमआय २३ पासूनच धोका वाढू लागतो आणि २७.५ च्या पुढे तो बराच वाढतो. तुमचं कुळ आशियाई असेल तर ‘बीएमआय तीसच्या आत आहे, ठीक आहे’ हे समाधान मानू नका.

सगळ्यात आधी साखर तपासा. याच आठवड्यात. जिची गरोदरपणात साखर वाढली होती, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट असते. बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांत तपासणी व्हायला हवी होती आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी. ती राहून गेली यात मी तुम्हाला दोष देत नाही. बाळाच्या लशींच्या तारखा घरभर सगळ्यांना पाठ असतात, आईची तपासणी कुणाच्याच लक्षात नसते. हे मला फार टोचतं. मधुमेह निघाला तर तो आटोक्यात येईपर्यंत गर्भनिरोधन सुरू ठेवायचं. बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांत घडतात आणि तेव्हा रक्तातली साखर जास्त असेल तर हृदयात आणि मणक्यात दोष राहण्याचा धोका वाढतो.

६३ पर्यंत परत जायलाच हवं असं नाही. पाच ते दहा टक्के घट, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण पावणेचार ते साडेसात किलो, यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू शकतात. सहा महिने द्या. उपाशी राहून भराभर उतरवू नका. जास्त वजनाच्या बाईतही रक्त कमी असू शकतं, तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब त्याच वेळी पाहून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून ते बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचं कित्येकींच्या नीट लक्षातही आलेलं नसतं. तुमच्यासाठी मात्रा वाढवायची का, हे साखरेचा अहवाल पाहून डॉक्टर ठरवतील.

हे सगळं गरोदर राहिल्यावर करू, असं मनात असेल तर ऐका. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये जास्त वजनाच्या व स्थूल गरोदर स्त्रियांवर आहार-व्यायामाचे मोठे प्रयोग झाले. खाणंपिणं सुधारलं, पण मधुमेहाचं प्रमाण काही घटलं नाही. तेव्हाचं चालणं आणि नीट खाणं वाया जात नाही, पण उशीर झालेला असतो.

प्रश्न : मी ३७ वर्षांची, बीएमआय ३४. दोन वर्षं मुलासाठी प्रयत्न करतोय. ‘पंधरा किलो उतरवा, मगच उपचार’ असं सांगून मला परत पाठवलं.

उत्तर : तुमच्या वयात ही अट मला मान्य नाही. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मूल होत नसलेल्या ५७७ स्थूल स्त्रिया होत्या. निम्म्यांना आधी सहा महिने वजन उतरवण्याचा कार्यक्रम, निम्म्यांवर लगेच उपचार. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण कार्यक्रमाच्या गटात २७.१ टक्के आणि लगेच उपचारांच्या गटात ३५.२ टक्के निघालं. पहिल्या गटात उपचारांशिवाय दिवस राहणाऱ्या मात्र जास्त होत्या. पाळी अनियमित असेल, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज नियमित न सुटण्याचा विकार) असेल, तर थोडं वजन उतरूनही बीज सुटू लागतं. म्हणून वजनाकडे लक्ष द्याच, पण त्यासाठी तपासण्या थांबवू नका. सदतिसाव्या वर्षी बीजांचा साठा वाट पाहत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झाली आहे का, तेही पाहा. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

प्रश्न : वजन कमी करण्याचं आठवड्याचं इंजेक्शन घेते. पुढच्या वर्षी मूल हवं आहे. कधी थांबवू?

उत्तर : सेमाग्लुटाइड असेल तर प्रयत्न सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी, तिर्झेपटाइड असेल तर किमान एक महिना आधी. मधुमेहासाठी घेत असाल तर परस्पर बंद करू नका, आधी पर्यायी औषध ठरवून घ्या. थांबवल्यावर बऱ्याच जणींचं वजन पुन्हा चढतं, तेव्हा पुढचं खाणं-चालणं आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. तोवर गर्भनिरोधन पक्कं हवं, कारण वजन उतरलं की थांबलेलं बीज सुटू लागतं आणि अनपेक्षित दिवस राहतात. तिर्झेपटाइडवर असताना गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे निरोधही वापरा, असं ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये सांगितलं आहे. इंजेक्शन चालू असतानाच दिवस राहिले तर पुढचा डोस घेऊ नका, घाबरू नका आणि त्याच आठवड्यात दाखवून घ्या.